फुसाएची सवत

फुसाएनं आपल्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं ते आडवं. वडिलांच्या दुकानात, खुर्ची मागे कलवून, तोंडावर गरम पंचा घेऊन तो पडला होता. दाढीसाठी तिनं पंचा उचलला, तर खाली भुवई फुटलेली आणि एक गाल मळलेल्या कणकेसारखा फुगलेला.

"कुठं पडलात?" तिनं विचारलं.

"पडलो नाही. पाडलं."

"कुणी?"

"हिरोशिमाच्या एका माणसानं. पण चौथ्या फेरीत हं. तोवर मी उभा होतो."

कावागुची हे ओतभट्ट्यांचं गाव. भाजलेली मनगटं, काजळीनं भरलेले कान, वितळलेल्या लोखंडाच्या ठिणग्यांनी पडलेले चट्टे हे सगळं फुसाएच्या रोजच्या हाताखालचं. पण मार खाऊन आलेला माणूस इतका खुशीत तिनं पाहिला नव्हता. वर्षाच्या आत इसाओ कुरिता तिच्याशी लग्न करून दुकानावरच्या माडीत राहायला आला.

"किकबॉक्सिंगवाला जावई!" वडील म्हणाले होते. "आज परक्यांना लाथा घालतोय, उद्या घरात घालेल." तसं काही झालं नाही. दाराशी चपला काढाव्यात तशी सगळी मारामारी बाहेर काढून ठेवूनच इसाओ घरात यायचा. बोलायचा कमी, जेवायचा मन लावून, आणि रात्रीचं जेवण झालं की बशा स्वतः विसळायचा. वडील वारले तेव्हा फुसाएच्या मनात नवऱ्याबद्दल एकही तक्रार नव्हती. ओकुनो यायचा होता अजून.

तेव्हा किकबॉक्सिंगचं वेड देशभर पसरलं होतं. सोमवारी संध्याकाळी टीव्हीवर लढती लागल्या की सार्वजनिक न्हाणीघरं ओस पडायची. केशकर्तनालयांना सोमवारी सुट्टी, त्यामुळे फुसाएला नवऱ्याची प्रत्येक लढत घरी बसून पाहता यायची. लढती व्हायच्या त्या हॉलवर ती कधी गेली नाही. टीव्हीवर सगळं हातभर अंतरावरून दिसतं, तेवढंच पुरे, असं ती म्हणायची.

ओकुनो याइझु बंदरातला. तिथं ट्यूना मासे ओढून ओढून त्याचे खांदे दारातून आडवे न्यावे लागतील असे झाले होते, आणि नाकाखाली जाडजूड मिशी. पहिल्याच लढतीत त्यानं इसाओच्या डाव्या मांडीवर पाच फेऱ्या लाथा घातल्या. बाकी काही केलं नाही, फक्त मांडी. इसाओ गुणांवर हरला आणि तालमीच्या वस्तादाच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत जिना चढला.

फुसाएनं थंड पाण्याच्या घड्या आणल्या. मांडी वांग्यासारखी काळीनिळी झाली होती. तिला वाटलं, आता हा त्या माणसाला चार शिव्या घालेल. इसाओ छताकडे बघत म्हणाला, "फुसाए, काय माणूस आहे गं!"

"कोण?"

"ओकुनो. एकाच जागी मारत होता. बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. मी पाय उचलणार हे मला कळायच्या आधी त्याला कळायचं."

"चालताही येत नाहीय तुम्हाला."

"हो ना!" इसाओ म्हणाला, जणू कुणी त्याचीच तारीफ केली होती.

त्या दिवसापासून ओकुनो घरात राहायला आला. म्हणजे माणूस याइझुलाच होता, पण त्याचं नाव सकाळी चहाबरोबर निघायचं आणि अंथरुणं घालेपर्यंत संपायचं नाही. क्रीडा मासिकातला त्याचा फोटो तालमीच्या भिंतीवर लागला. ओकुनो वाळूत धावतो म्हणून इसाओ आराकावा नदीच्या काठची वाळू शोधत फिरला. एकदा सकाळी वाटी पुढे सरकवून म्हणाला, "ओकुनो म्हणे सकाळी भात खात नाही."

"मग त्याच्या बायकोकडे जा न्याहारीला," फुसाए म्हणाली. "या घरात भात होतो."

इसाओ हसला. त्याला ती थट्टा वाटली.

दुसऱ्या लढतीची तारीख ठरली त्याच आठवड्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. तिनं गोड्या पाण्यातली ईल मासळी आणून, भाजून, त्याच्यासमोर ताट ठेवून सांगितलं. इसाओचा चेहरा उजळला. मग तो बोटं मोडून हिशेब करायला लागला.

"म्हणजे एप्रिल?"

"एप्रिलची सुरुवात."

"एप्रिलच्या सुरुवातीला ओकुनो आहे," तो म्हणाला.

 फुसाएच्या तोंडात घास तसाच राहिला. दुसरी बाई असती तर तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या, तिच्या दारात जाऊन तमाशा करता आला असता, गावानं निदान बाजू घेतली असती. या मिशीवाल्या सवतीचं काय करायचं? कुणाला सांगायचं, की माझा नवरा त्याला मारायला बघणाऱ्या माणसाच्या नादी लागलाय?

मुलगी लढतीच्या आधी झाली. तिचं नाव चिनात्सु ठेवलं. तिला मांडीवर घेऊन फुसाएनं ती लढत पाहिली. शेजारची तोफूवाली किनुआजीही येऊन बसली होती. या वेळी इसाओ जिंकला. शेवटची घंटा वाजली आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. इसाओ त्या रुंद खांद्यावर डोकं टेकून रडत होता. त्याची पाठ गदगदत होती, कॅमेरा जवळ गेला तेव्हा सगळ्या जपाननं ते पाहिलं.

"अगं बाई, मिठी बघ!" किनुआजी म्हणाली. "माझ्या म्हाताऱ्यानं सगळ्या जन्मात मला अशी मारली नाही."

ती खो खो हसली. फुसाए हसली नाही. स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला इसाओच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिनं पाहिलं नव्हतं. मुलीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाही नाही.

तिसरी लढत शेवटची ठरली. तिसऱ्या फेरीत ओकुनोचं कोपर इसाओच्या उजव्या डोळ्यावर बसलं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा सुटलाय, थोडंफार दिसेल, पण पुन्हा रिंगमध्ये पाय ठेवायचा नाही. फुसाएला रडू आलं, आणि रडता रडता तिच्या मनात एक विचार आला. तो तिनं कुणाला सांगितला नसता. तो विचार असा होता, की सुटलो एकदाचे.

पण चौथ्या दिवशी ओकुनो दवाखान्यात हजर. हातात सुक्या बोनितो माशाचं पुडकं, दोन बोटं पट्टीत बांधलेली. फुसाए इसाओला पेज भरवत होती. ओकुनो दारातच कमरेत वाकला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"सरळ हो रे," इसाओ उघड्या डोळ्यानं बघत म्हणाला. "वर बघ. बोटांना काय झालं?"

"तुमचं डोकं."

दोघंही हसले.  ओकुनो स्टुलावर बसून राहिला, इसाओ पडून राहिला, आणि खोलीत अशी शांतता पसरली की चमचा वाटीला लागला तरी फुसाएला आपणच आगंतुक आहोत असं वाटलं. तिनं उशी सारखी करायला इसाओला डाव्या बाजूनं उचललं.

"वहिनी, तिकडून नको," ओकुनो चटकन म्हणाला. "डाव्या बरगडीत दुखतं त्यांना. खालून दुसरी. जुनी मोडलेली आहे."

फुसाएचा हात थांबला. "मला नाही बोललात कधी," ती नवऱ्याला म्हणाली.

"विशेष काही नाही गं. लग्नाआधीची आहे."

"मग यांना बोललात?"

"त्यालाही नाही बोललो. त्याचं त्यालाच कळलं."

ओकुनो ओशाळून म्हणाला, "ते त्या बाजूचं कोपर कधी उचलत नाहीत, वहिनी. पहिल्या फेरीतच कळतं."

पहिल्या फेरीत! आणि ही इतकी वर्षं त्याच्या कुशीत झोपत होती, आणि झोपत होती नेमकी डाव्या बाजूला.

इसाओ घरी आला तो कायमचा. त्याच्याकडे केशकर्तनाचा परवाना नव्हता, त्यामुळे तो पंचे गरम करायचा, केस झाडायचा, खुर्च्या पुसायचा. गिऱ्हाइकं खूश होती, टीव्हीवरचा कुरिता त्यांच्या मानेला टॉवेल गुंडाळत होता. फुसाएला हवा होता तो नवरा आता दिवसभर तिच्या हाताच्या अंतरावर होता. आणि तरी तो नव्हता. झाडू हातात धरून तो रस्त्याकडे बघत उभा राहायचा, नाहीतर आरशासमोर कुणी नसताना डावा पाय हळूच वळवून बघायचा.

ओकुनोची किताबाची लढत जाहीर झाली तेव्हा तर त्याचं जेवणावरून लक्ष उडालं. "गुडघा मारला की उजवा हात खाली पडतो त्याचा," तो म्हणायचा. "जुनी खोड आहे. त्याच्या वस्तादाला दिसत कसं नाही?"

एका दुपारी दुकानातला फोन वाजला. इसाओ चिनात्सुला आणायला बालवाडीत गेला होता. फुसाएनं साबणाचा हात पुसून रिसीव्हर उचलला.

"वहिनी, ओकुनो बोलतोय. कुरिता-सान आहेत?"

"बाहेर गेलेत."

"एक निरोप द्याल? किताबाच्या लढतीला ते रिंगच्या माझ्या कोपऱ्यात हवेत, फेऱ्यांच्या मधे सांगायला. आमच्या वस्तादांना विचारलंय, त्यांची हरकत नाही. माझं काय चुकतं ते त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. ते म्हणतील तसं मी लढेन. आले नाहीत तरी राग नाही, पण विचाराल ना नक्की?"

"सांगते," फुसाए म्हणाली.

तिनं रिसीव्हर ठेवला आणि गिऱ्हाइकाची अर्धी राहिलेली दाढी पुरी केली. इसाओ आला, त्यानं मुलीचे बूट काढले, चहा प्यायला. सांगायचं म्हणून तिनं दोनदा तोंड उघडलं. पहिल्या वेळी म्हणाली, मिसो संपलाय. दुसऱ्या वेळी त्याचा रिकामा पेला उचलून नेला. उद्या सांगू, असं करत दिवस गेले आणि लढतीचा सोमवार उजाडला.

टीव्हीसमोर इसाओ गुडघ्यांवर बसला होता. चौथ्या फेरीपर्यंत ओकुनो वरचढ होता. मग त्यानं गुडघा मारला, आणि उजवा हात खाली आला.

"हात!" इसाओ ओरडला. "हात वर घे, गाढवा!"

पुन्हा गुडघा, पुन्हा हात खाली. आता समोरच्याच्याही ते ध्यानात आलं होतं. फेऱ्यांमधल्या विश्रांतीत ओकुनोनं मान वळवून आपल्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग प्रेक्षकांकडे पाहिलं. इसाओ टीव्हीवर हात आपटत होता. "कुणीतरी सांगा रे त्याला! आंधळे आहेत का सगळे?" चिनात्सु घाबरून रडायला लागली. फुसाए तिला घेऊन खाली दुकानात गेली, अंधारात खुर्चीवर बसली आणि वरून येणारा नवऱ्याचा आवाज ऐकत राहिली. मग तो आवाज एकदम बंद झाला.

आठवडाभरानं ओकुनो दुकानात आला. हनुवटीखाली टाके, एक डोळा अजून पिवळा. इसाओ पंचे वाळत घालायला मागच्या गच्चीवर गेला होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"दाढी कराल का, वहिनी? टाक्यांमुळे मला जमत नाही."

तिनं खुर्ची कलवली, साबण लावला आणि वस्तरा उघडला. तो गळा तिच्या हाताखाली होता, निवांत, जणू स्वतःच्या घरी झोपल्यासारखा.  तिनं मनगट खुर्चीच्या पाठीला टेकवलं.

"निरोप मी दिला नाही," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," ओकुनो डोळे मिटूनच म्हणाला. "निरोप मिळाला असता तर ते आले असते. निदान शिव्या घालायला तरी फोन केला असता."

"मग त्यांना सांगितलंत?"

"कशाला? हरलो मी. हात मी खाली टाकला, तुम्ही नाही."

ती टाक्यांच्या कडेनं अलगद वस्तरा फिरवत राहिली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "माझी बायको माहेरी निघून गेली, त्याला आता दोन हिवाळे झाले. जाताना काय म्हणाली माहितीय? त्या कुरिताशीच लग्न कर. झोपेतसुद्धा त्याचंच नाव घेतोस."

फुसाएनं वस्तरा उचलून धरला. तिला हसू आलं की काय ते तिलाच कळेना. याइझुमध्ये कुठंतरी एक बाई होती, तिनंही असेच घास गिळले होते, अशाच घड्या पिळल्या होत्या. आणि ती उठून गेली होती.

"अजून काय काय ठाऊक आहे तुम्हाला त्यांच्याबद्दल?" तिनं विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"काय असणार? लाथांचंच." त्यानं वस्तऱ्यासाठी हनुवटी वर केली. "घाबरले की ते हसतात. जितके जास्त घाबरतात तितके गोड हसतात. रिंगमध्ये ते हसायला लागले की मला कळायचं, आता मारायची वेळ झाली."

लग्नाच्या दिवशी इसाओ सकाळपासून संध्याकाळपर्यंत हसत होता. फुसाएनं ते हसू इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. तिला वाटलं, या माणसानं तेही हात घालून उचलून नेलं. तिनं त्याची दाढी पुरी केली, मिशी कातरून सारखी केली, तोंडावर गरम पंचा ठेवला आणि तो थोडा जास्तच दाबला.

त्या संध्याकाळी तिनं स्वतःहून इसाओला सांगितलं. ओकुनोनं सांभाळून घ्यावं आणि आपण त्याच्या उपकाराखाली राहावं, हे तिला मारून टाकलं तरी चाललं नसतं.

इसाओ आधी समजलाच नाही. मग त्याच्या हातातली बशी पाण्यात पडली.

"त्यानं मला बोलावलं होतं? आणि तू...?"

"हो."

"का?"

"का म्हणजे? तुम्हाला कळत नाही?" तिचा आवाज चढला. "पोरीचा जन्म तुम्ही त्याच्या तारखेवरून मोजलात. माझ्या चुलीवर त्याचा भात शिजला नाही एवढंच. तुमच्याकडे बघायला मी आहे, आणि तुम्ही रस्त्याकडे बघता. मी तुम्हाला कधी मारलं नाही, हेच माझं चुकलं का?"

इसाओ तिच्याकडे बघत राहिला. एक डोळा थोडा धूसर, दुसरा असा रोखलेला की ती एक पाऊल मागे सरली. मग तो खाली गेला आणि झाडलेलं दुकान पुन्हा झाडायला लागला.

पुढचे कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पण ती उठली की त्याची मान वळायची, ती जिन्यावरून उतरली की त्याचा झाडू थांबायचा. तिनं कात्री कुठल्या बोटात धरली, दुपारी जेवली की नाही, कुणाशी हसली, सगळं त्याच्या नजरेत होतं. तो तिच्यावर रागावला होता, सकाळपासून रात्रीपर्यंत, फक्त तिच्यावर. फुसाएला लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली कुठंतरी ऊबही वाटत होती.

शेवटी एका सकाळी वाटी पुढे करून तो म्हणाला, "ओकुनो निवृत्त होतोय. शेवटची लढत आहे. मी त्याच्या कोपऱ्यात उभा राहणार."

"राहा."

"तू येशील?"

हे त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं. "दुकान?" ती म्हणाली.

"एक दिवस बंद ठेवू."

तोवर लोकांचं वेड ओसरलं होतं. टीव्हीनं लढती दाखवणं बंद केलं होतं आणि कोराकुएनचा हॉल अर्धा रिकामा होता. किनुआजीकडे मुलीला ठेवून फुसाए रिंगपासून तिसऱ्या रांगेत बसली. लाथ बसल्याचा आवाज असा असतो हे तिला टीव्हीनं कधी सांगितलं नव्हतं. ओल्या चटईवर काठी मारावी तसा. पहिल्याच आवाजाला तिनं शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याचं मनगट पकडलं.

"पहिल्यांदा आलात का बाई?" तो म्हणाला. "धरा, धरा. माझी बायको पण असंच धरायची."

लढत तिनं फारशी पाहिली नाही. ती इसाओकडे बघत होती. फेरी संपली की तो दोऱ्यांखालून आत शिरायचा, ओकुनोसमोर उकिडवा बसायचा, त्याची मान दोन्ही हातांनी धरायचा आणि कानाशी तोंड नेऊन बोलायचा. ओकुनो लहान मुलासारखी मान हलवायचा. इसाओचा चेहरा तेव्हा मऊ, सगळं विसरलेला होता. असा चेहरा त्याच्याकडे आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला उठून जावंसं वाटलं. पण नजर हटेना. तो किती देखणा दिसत होता!

ओकुनो गुणांवर जिंकला. त्याचा उजवा हात एकदाही खाली आला नाही.

कपडे बदलायच्या खोलीत तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती गेली. ओकुनो बाकावर कोसळून बसला होता, हात उचलायचं त्राण नव्हतं. इसाओ त्याच्या हातमोज्यांच्या नाड्या सोडत होता, पण धूसर डोळ्यामुळे गाठ त्याच्या बोटांत सापडत नव्हती.

"सरका," फुसाए म्हणाली आणि नवऱ्याला खांद्यानं बाजूला केलं. दोन्ही गाठी तिनं झटक्यात सोडवल्या.

"याइझुला परत जाणार?" तिनं विचारलं.

ओकुनोनं मान खाली घातली. इसाओ घाईनं म्हणाला, "म्हणजे, मी तुला विचारणारच होतो. आपल्या मागच्या गल्लीत ती बंद पडलेली भट्टी आहे ना, तिची शेड रिकामी आहे. तिथं दोघं मिळून तालीम काढावी असं... म्हणजे, अजून काही ठरलेलं नाही."

"मागच्या गल्लीत," फुसाए म्हणाली.

"हो. जवळच."

"आणि हे जेवणार कुठं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन तगडे पुरुष, शाळेत खोडी करताना पकडल्यासारखे. फुसाएनं हातमोजे एकमेकांवर आपटून पिशवीत कोंबले.

"चला," ती म्हणाली. "भूक लागलीय मला."

स्टेशनजवळच्या नूडल्सच्या दुकानात एका लांब फळीसमोर तीन उंच स्टुलं रिकामी होती. इसाओ पहिल्यावर बसला, ओकुनो त्याच्या शेजारी बसायला पुढे झाला. फुसाए दोघांच्या मधून आत शिरली आणि मधल्या स्टुलावर बसली.

वाफाळते वाडगे आले. इसाओ तिच्या डोक्यावरून म्हणाला, "तिसऱ्या फेरीत तू तो पाय जो बदललास ना—" ओकुनो तिच्या डोक्यावरून म्हणाला, "तुम्ही सांगितलंत म्हणून—" मग हा इकडून, तो तिकडून. सूप फुसाएच्या बाहीवर उडत होतं. तिनं बाही वर सारली, वाडगा जवळ ओढला आणि जेवायला लागली. शेजारच्या गिऱ्हाइकानं मागे सरकून तिला विचारलं, "बाई, जागा बदलून देऊ का? या दोघांना बोलायचंय बहुतेक."

"नको," फुसाए म्हणाली. "मी इथंच बरी आहे."